त्वचेवरील चामखीळ : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना
• विषाणूमुळे होणारी चामखीळ आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वाढी यांतील फरक सांगता येईल;
• चामखीळ त्वचेच्या कोणत्या थरात, कशी वाढते हे स्पष्ट करता येईल;
• प्रचलित उपचारांचे कार्य आणि त्यांच्या मर्यादा समजतील;
• आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावरील उपायाचा दावा कसा तपासावा हे कळेल.

१. प्रस्तावना

चामखीळ हा किरकोळ समजला जाणारा विकार आहे. तिच्यासाठी कोणी वर्ग बुडवत नाही. तरीही तिच्यावर जितके घरगुती उपाय सांगितले जातात, तितके फार थोड्या विकारांवर सांगितले जात असतील. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, चुना आणि सोडा लावणे, रुईचा चीक, बिब्ब्याचे तेल, पेटत्या उदबत्तीचा चटका, अशी ही यादी लांबत जाते. विशेष म्हणजे यातील प्रत्येक उपायाला साक्षीदार मिळतात. ‘माझी याने गेली’ असे सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो.

मग हे सगळे उपाय खरे मानायचे का? या प्रश्नाचे उत्तर चामखिळीच्या स्वभावात दडलेले आहे. तो स्वभाव समजला की उपचार केव्हा घ्यावा, कोणता घ्यावा आणि केव्हा नुसती वाट पाहावी हे ठरवणे सोपे जाते. म्हणून आपण आधी आजार समजून घेऊ आणि नंतर उपचारांकडे वळू.

२. एकच शब्द, अनेक विकार

पहिला घोळ शब्दापासून सुरू होतो. मराठीत ‘चामखीळ’ हा शब्द निदान दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. हिंदीतील ‘मस्सा’ या शब्दाचेही तसेच आहे.

(अ) विषाणूजन्य चामखीळ : डॉक्टर हिला वॉर्ट म्हणतात. ती खरखरीत, टणक आणि फुलकोबीच्या पृष्ठभागासारखी असते. बहुधा बोटे, नखांच्या कडा, गुडघे आणि तळपाय येथे येते. ती संसर्गजन्य आहे. या पाठाचा मुख्य विषय हीच आहे.

(आ) लोंबती चामखीळ : डॉक्टर हिला स्किन टॅग म्हणतात. ती मऊ असते, बारीक देठावर लोंबते आणि मान, काख, पापणी किंवा जांघेत दिसते. वाढते वय, लठ्ठपणा आणि मधुमेहाची प्रवृत्ती यांच्याशी तिचा संबंध आढळतो. ती एकाची दुसऱ्याला होत नाही.

घोड्याच्या केसाची गोष्ट इथे उलगडते. देठावर केस आवळून बांधला की त्या लोंबत्या वाढीचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत ती गळून पडते. म्हणजे सांगणाऱ्याचा अनुभव खरा असतो, पण तो (आ) प्रकाराचा असतो. तोच उपाय (अ) प्रकाराला लागू पडत नाही, कारण तिला आवळायला देठच नसतो. अस्वच्छ केसामुळे जखम चिघळण्याचा धोका दोन्हींकडे असतो.

याशिवाय पुढील विकारही चामखीळ समजले जातात :

• कुरूप किंवा भोवरी : सततच्या दाबामुळे तळपायावर किंवा बोटावर त्वचा जाड होते. हा संसर्ग नाही. त्वचेवरच्या बारीक रेषा कुरुपावरून सलग जातात, तर चामखिळीपाशी त्या तुटतात किंवा वळसा घालतात. कुरूप सरळ दाबल्यावर जास्त दुखते. तळपायाची चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते.
• मोलस्कम : मोत्यासारखे गुळगुळीत, गोल पुटकुळ्या, मध्यभागी छोटासा खळगा. तोही विषाणूमुळेच होतो, पण तो विषाणू वेगळ्या कुळातला आहे.
• तीळ : रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा समूह. त्याचा आकार, रंग किंवा कडा बदलू लागल्या तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

तळपायाची चामखीळ वरून थोडी घासली असता तिच्यात काळे ठिपके दिसतात. पुष्कळजण त्यांना ‘मूळ’ किंवा ‘बी’ म्हणतात आणि टोकदार सुईने उकरून काढू पाहतात. ते मूळही नव्हे आणि बीही नव्हे. रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांची ती टोके आहेत. उकरल्याने रक्त येते आणि विषाणू आजूबाजूच्या त्वचेत पसरायला वाट मिळते.

३. कारण : मानवी पॅपिलोमा विषाणू

चामखिळीचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळल्यानंतरही त्यातून चामखीळ होऊ शकते, हे इटालियन डॉक्टर जुझेप्पे चुफो यांनी १९०७ साली दाखवले. गाळणीतून पार होण्याइतका कारक सूक्ष्म आहे, म्हणजेच तो विषाणू असावा, असा त्याचा अर्थ होता.

आज आपण त्याला मानवी पॅपिलोमा विषाणू, संक्षेपाने एचपीव्ही, म्हणून ओळखतो. त्याचे २०० हून अधिक प्रकार माहीत असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक प्रकाराची आवडती जागा ठरलेली असते :

• १, २, ४, २७ व ५७ : हात व तळपाय यांवरील नेहमीच्या चामखिळी
• ३ व १० : चेहरा व हातांवरील चपट्या चामखिळी
• ६ व ११ : जननेंद्रियांवरील चामखिळी
• १६ व १८ : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले प्रमुख प्रकार

हाताच्या बोटावर चामखीळ आली म्हणजे पुढे कर्करोग होणार, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, हे या यादीवरून लक्षात येईल. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात हातापायांवरच्या नेहमीच्या चामखिळीचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

या विषाणूची जनुकीय माहिती किती, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. त्याच्या वर्तुळाकार डीएनएमध्ये सुमारे ८,००० आधारजोड्या असतात. प्रत्येक जोडीची माहिती २ बिटमध्ये लिहिता येते. म्हणजे एकूण १६,००० बिट, अर्थात सुमारे २ किलोबाइट. एवढ्याशा ‘प्रोग्राम’मध्ये स्वतःच्या प्रती काढण्याची यंत्रसामग्री मावत नाही. ती तो आपल्या त्वचेच्या पेशींकडून वापरून घेतो.

४. चामखीळ कशी वाढते?

त्वचेचा वरचा भाग म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाच्या थरात पेशींचे विभाजन होते. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात.

अखंड त्वचेतून एचपीव्हीला तळाच्या थरापर्यंत पोहोचता येत नाही. त्याला एखादी भेग लागते, मग ती डोळ्यांना न दिसणारी का असेना. दाढी करताना झालेला ओरखडा, कुरतडलेली नखे, पाण्याने भिजून मऊ पडलेला तळवा, टाचेची भेग, यांपैकी काहीही पुरते. आत शिरल्यावर विषाणू तळाच्या पेशींत ठाण मांडतो आणि पेशींचे विभाजन वाढवतो. नव्या विषाणूंचे बाह्य कवच मात्र पेशी वरच्या थरात पोहोचल्यावरच बनते. तयार झालेले विषाणू मृत पेशींच्या कोंड्यासोबत बाहेर पडतात. संसर्गापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवड्यांपासून अनेक महिने जाऊ शकतात. म्हणून ‘ही कोणाकडून आली’ याचा शोध बहुधा निष्फळ ठरतो.

यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात.

पहिली, चामखीळ बाह्यत्वचेतच राहते. ती जाड होऊन खालच्या थराला आत ढकलते, पण त्यात घुसत नाही. म्हणून ‘मुळासकट उपटणे’ ही कल्पनाच चुकीची आहे. खोलवर कापल्यास व्रण मात्र कायमचा राहतो.

दुसरी, हा विषाणू रक्तात फिरत नाही आणि पेशी फोडून दाहही निर्माण करत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याची चाहूल लागायला त्यामुळे वेळ लागतो. चामखीळ महिनोन्महिने तशीच बसून राहते ती यामुळे. एकदा प्रतिकारशक्तीला तो ओळखू आला की चामखीळ विरघळल्यासारखी नाहीशी होते. कधीकधी तर अंगावरच्या सगळ्या चामखिळी एकाच सुमारास जातात.

५. उपाय पारखायचा कसा?

शाळकरी मुलांच्या पाहण्यांत असे आढळले आहे, की सुमारे निम्म्या मुलांच्या चामखिळी उपचाराविना वर्षभरात जातात आणि दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश. प्रौढांमध्ये हा वेग कमी असतो.

आता एक कल्पित उदाहरण घ्या. एखाद्या गावात चामखिळीवर मंतरलेला दोरा देणारा माणूस आहे. वर्षभरात त्याच्याकडे १०० मुले येतात. दोऱ्यात काहीही गुण नसला तरी वर्षाअखेर सुमारे ५० मुलांच्या चामखिळी गेलेल्या असतील. हे ५० जण गावभर दोऱ्याची कीर्ती सांगतील. उरलेले ५० जण गप्प बसतील किंवा दुसरीकडे जातील. शिवाय माणूस एकामागून एक उपाय करून पाहतो आणि चामखीळ गेली की थांबतो. त्यामुळे श्रेय नेहमी शेवटच्या उपायाला मिळते. पहिल्या उपायाच्या वेळी चामखीळ नवी होती आणि शेवटच्या वेळी ती जायलाच आली होती, हे कोणी मोजत नाही.

म्हणून ‘उपायानंतर किती जणांची गेली?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘उपाय केला नसता तर किती जणांची गेली असती, आणि त्यापेक्षा जास्त जणांची गेली का?’ हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी तुलनागट लागतो आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवावे लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, औषध नसलेला लेप दिलेल्या गटांतही सरासरी ३० टक्के रुग्ण साधारण दहा आठवड्यांत बरे झालेले दिसले. कोणत्याही उपायाला ही रेघ ओलांडून दाखवावी लागते.

चिकटपट्टीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. २००२ साली अमेरिकेत ५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत डक्ट टेप लावून ठेवलेल्या गटात ८५ टक्के, तर अतिशीत उपचार घेतलेल्या गटात ६० टक्के जणांच्या चामखिळी गेल्या. बातमी जगभर पसरली. पुढे २००६ साली नेदरलँड्समध्ये १०३ मुलांवर चाचणी झाली. तिथे टेपच्या गटात १६ टक्के आणि तुलनागटात ६ टक्के मुले बरी झाली. हा फरक योगायोगाने पडणार नाही इतका मोठा नव्हता. २००७ साली अमेरिकेतील ९० प्रौढांच्या चाचणीत आकडे २१ आणि २२ टक्के आले, म्हणजे फरक उरलाच नाही. या शेवटच्या चाचणीतील टेप मात्र वेगळ्या, पारदर्शक प्रकारची होती. एका छोट्या चाचणीवर घाईने विश्वास ठेवू नये आणि नंतरच्या चाचण्या कशा केल्या हेही पाहावे, हे दोन्ही धडे यातून मिळतात.

६. मान्य उपचार

(अ) वाट पाहणे : चामखीळ लहान असेल, दुखत नसेल आणि पसरत नसेल, तर काहीही न करणे हा वैद्यकशास्त्राला मान्य असलेला पर्याय आहे.

(आ) सॅलिसिलिक आम्ल : याच्या बाजूचा पुरावा तुलनेने भक्कम आहे. हे आम्ल मृत पेशींमधील चिकटपणा सैल करते आणि विषाणू असलेला थर हळूहळू उतरवते. आपल्याकडे सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल एकत्र असलेले द्रावण औषधाच्या दुकानात मिळते. वापरण्याची रीत अशी :
१. चामखीळ कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटे भिजवावी.
२. वरचा पांढरा, मऊ थर कानस किंवा वज्रीने हलकेच घासावा. ही वस्तू दुसऱ्या कामासाठी किंवा दुसऱ्या व्यक्तीने वापरू नये.
३. भोवतालच्या निरोगी त्वचेवर व्हॅसलीन लावावे.
४. फक्त चामखिळीवर औषधाचा थेंब लावून वाळू द्यावा.
५. हे रोज, सलग बारा आठवड्यांपर्यंत करावे. आग होऊ लागल्यास काही दिवस थांबावे.
या उपचारात अपयश येते ते बहुधा दोन आठवड्यांत कंटाळून सोडून दिल्यामुळे. द्रावण ज्वालाग्राही असते, म्हणून ते देवघरातील दिवा किंवा गॅसची शेगडी यांपासून दूर ठेवावे. चेहरा, जननेंद्रिये आणि फाटलेली त्वचा यांवर ते लावू नये. मधुमेह किंवा पायातील रक्ताभिसरणाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

(इ) अतिशीत उपचार : द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सिअस आहे. तो फवारल्यावर पेशींत बर्फ होऊन त्या मरतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागू शकतात. भारतीय वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी इतर पेशींपेक्षा थंडीला जास्त नाजूक असतात. त्यामुळे सावळ्या त्वचेवर पांढरट डाग पडू शकतो आणि तो बराच काळ टिकू शकतो. चेहऱ्यावर हा उपचार घेण्यापूर्वी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

(ई) विद्युत-दहन आणि लेसर : जागा बधिर करून चामखीळ जाळून खरवडतात. ती त्याच दिवशी जाते, पण आसपासच्या त्वचेत विषाणू उरला असल्यास पुन्हा येऊ शकते. तळपायावर पडलेला व्रण चालताना कायमचा टोचत राहू शकतो.

(उ) प्रतिकारशक्ती जागवणे : गोवर-गालगुंड-रुबेला लशीसारखे द्रव्य थेट चामखिळीत टोचतात. त्या निमित्ताने शरीराचे पहारेकरी तिथे जमतात आणि त्यांना विषाणूही दिसतो. एकाच चामखिळीत टोचूनही दूरच्या चामखिळी जाऊ शकतात. अनेक किंवा हट्टी चामखिळींसाठी भारतातील त्वचारोगतज्ज्ञ ही पद्धत वापरतात.

चुना, सोडा, चीक, बिब्बा किंवा चटका हेही त्वचा जाळण्याचेच काम करतात. फरक एवढाच, की त्यात तीव्रता, मात्रा आणि खोली यांपैकी कशावरच ताबा नसतो. बिब्ब्याने तर भोवतालची त्वचाही फोड येऊन सुजते. आपोआप जाऊ शकणारी गोष्ट घालवण्यासाठी न जाणारा व्रण पदरात घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

७. जननेंद्रियांवरील चामखीळ

या विषयावर विद्यार्थी सहसा कोणाशी बोलत नाहीत आणि इंटरनेटवरून मलम मागवतात. ते करू नये. हातापायांचे औषध तिथल्या नाजूक त्वचेला भाजून काढते. या चामखिळी मुख्यतः ६ व ११ या प्रकारांमुळे, लैंगिक संपर्कातून होतात. हे प्रकार सहसा कर्करोग करत नाहीत. संसर्ग आणि चामखीळ दिसणे यांत महिने, कधी त्याहूनही जास्त काळ जात असल्याने, चामखीळ दिसली म्हणजे जोडीदाराने आत्ता विश्वासघात केला असा निष्कर्ष काढता येत नाही. कंडोममुळे धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने लैंगिक आजारांसाठी समुपदेशन व उपचार मिळतात. ओळख गुप्त ठेवली जाते. लाजेपायी वेळ दवडण्यापेक्षा तिथे जाणे केव्हाही चांगले.

८. प्रतिबंध

• टॉवेल, वस्तरा, नेलकटर आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात. वसतिगृहात हे विशेष पाळावे.
• सार्वजनिक स्नानगृह आणि जलतरण तलाव येथे स्लीपर घालून वावरावे.
• नखे आणि नखांकडची साले कुरतडू नयेत.
• चामखिळीवरून वस्तरा फिरवू नये. ओरखड्याच्या रेषेत नव्या चामखिळी रांगेने उगवतात.
• केशकर्तनालयात प्रत्येक वेळी नवे ब्लेड वापरायला सांगावे.
• पोहताना चामखिळीवर जलरोधक पट्टी लावावी.
• या विषाणूला बाहेरचे मेदाचे आवरण नसते. त्यामुळे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. चामखिळीला हात लागल्यास साबणपाण्याने चोळून धुवावेत.

लशीबद्दल गैरसमज नको. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. भारतात तिला २०२२ साली मंजुरी मिळाली असून ती ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. तिच्यात विषाणूचा डीएनए नसतो, फक्त कवचाची प्रथिने असतात, म्हणून तिच्यामुळे संसर्ग होऊ शकत नाही. बोटावरच्या चामखिळीसाठी ती बनवलेली नाही. तरीही गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि जननेंद्रियांवरील चामखिळी टाळण्यासाठी पदवीच्या वयातील विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वाढीतून आपोआप रक्त येत असेल, ती झपाट्याने वाढत किंवा रंग बदलत असेल, जखम भरत नसेल. चामखीळ चेहरा, नख किंवा जननेंद्रियावर असेल. संख्या अचानक खूप वाढली असेल. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील. पहिली चामखीळ वाढत्या वयात आली असेल. किंवा बारा आठवडे नियमित उपचार करूनही फरक नसेल, तर स्वतःचे निदान थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. तळपायावरचा काळा डाग चामखीळ समजून महिनोन्महिने घासत राहणे धोक्याचे आहे, कारण त्वचेचा एक गंभीर कर्करोगही तळव्यावर तसा दिसू शकतो.

स्वाध्याय

१. घोड्याच्या केसाचा उपाय कोणत्या वाढीवर परिणाम करू शकतो आणि कोणत्या वाढीवर नाही? कारण द्या.
२. चामखिळीला ‘मूळ’ नसते, हे त्वचेच्या थरांची आकृती काढून स्पष्ट करा.
३. ब्रिटन व आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सॅलिसिलिक आम्ल आणि अतिशीत उपचार या दोन्ही गटांत बारा आठवड्यांनी १४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. या चाचणीत उपचार न दिलेला गट नव्हता. यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही?
४. आपल्या घरी किंवा वसतिगृहात चामखिळीवर सांगितले जाणारे तीन उपाय लिहून काढा. प्रत्येकाची चाचणी घ्यायची झाल्यास तुलनागट कसा ठेवाल? कोणत्या उपायाची चाचणी घेणेच अयोग्य ठरेल आणि का?